लीडरसाठी राबणाऱ्या सायकलपटूचं करिअर असतं का? धाकट्या भावासाठी विचारतोय

अंबाजोगाईकर_थोरला

नमस्कार मंडळी. इथं सायकलिंग जवळून बघणारे लोक आहेत म्हणून विचारतोय, जरा लांबण लागंल, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय १८. तीन वर्षं झाली रोड सायकलिंग करायलाय. पहाटे साडेचारला उठतो, आठवड्यातून एकदा केजवरून मांजरसुंब्याचा घाट मारून येतो, जाऊन-येऊन शंभराच्या वर जातं. सायकल घेतली ती सोयाबीनच्या पैशातून, एक लाख पस्तीस हजार, आणि ते वर्ष काही बरं गेलेलं नव्हतं, एवढ्यावरून घरात त्या सायकलीकडे कसं बघतात ते तुम्हाला कळंल.

मागच्या महिन्यात एक मोठी रेस होती. आदल्या रात्री कोचनं सांगितलं की उद्या तू स्वतःसाठी पळायचं नाही, आपल्या टीममधल्या अमक्यासाठी काम करायचं. यानं केलं. ऐंशी किलोमीटर वाऱ्यात पुढं राहिला, कोणी पुढं पळालं की त्याला गाठायचं, परत मागं यायचं, स्वतःची दुसरी बॉटलसुद्धा त्या पोराला दिली. तो पोरगा पहिला आला. आमचा एकोणिसावा. घरी आल्यावर आण्णांनी एकच विचारलं, "एकोणिसावा म्हंजे सर्टिफिकीट भेटतंय का नाही?" तो काहीच बोलला नाही, नीट जेवला पण नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, दादा मला ते काम आवडलं, त्यात मी चांगलाय, माझ्याकडे स्प्रिंट, म्हणजे शेवटची सुसाट धाव, नाही हे मला माहितीय, पण बाहेरच्या देशात असं काम करणाऱ्याला पगार असतो.

तर हे खरंय का? का कोच पोराला वापरून घ्यायलाय? मला सायकलिंगमधलं काही कळत नाही, फक्त पोराचं नुकसान होऊ नये.

म्हैसमाळ_रविवार

भाऊ, तुमच्या भावानं सांगितलं ते खरंय. आणि १८ व्या वर्षी स्वतःकडे स्प्रिंट नाही हे ज्याला कळतं आणि ते मोकळेपणानं बोलता येतं, ते पोरगं डोक्यानं सायकल चालवतं, हे आधी आण्णांना सांगा.

मी संभाजीनगरला असतो, दर रविवारी दौलताबाद-खुलताबाद करत म्हैसमाळला जातो, आणि युरोपातल्या रेस पंधरा-सोळा वर्षं न चुकता बघतोय. हे काम करणाऱ्याला फ्रेंचमध्ये दोमेस्तिक म्हणतात, म्हणजे घरगडी. शब्द शिवी म्हणूनच आला. १९११ च्या टूर दी फ्रान्समध्ये, म्हणजे सायकलिंगच्या सगळ्यात मोठ्या रेसमध्ये, मोरिस ब्रोक्को नावाचा सायकलपटू दुसऱ्यांसाठी राबला म्हणून स्पर्धेचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज यांनी त्याला तसं हिणवलं होतं. आज त्याच शब्दाला त्या धंद्यात मान आहे. इटालियन लोक ग्रेगारिओ म्हणतात.

आता हे काम लागतंच कशाला, तर हवा. सपाटीवर ४० च्या स्पीडला तुमच्या ताकदीचा मोठा भाग नुसती हवा कापण्यात जातो. कुणाच्या चाकाला चाक लावून गेलात की तिथंच बरीच ताकद वाचते. २०१८ मध्ये बेर्ट ब्लोकन या संशोधकानं १२१ सायकलपटूंच्या जथ्याचा अभ्यास केला, त्यात दिसलं की जथ्याच्या पोटात मागं बसलेल्याला हवेचा विरोध एकट्यानं चालवणाऱ्याच्या फक्त ५ ते १० टक्के लागतो. म्हणजे लीडरला चार तास त्या पोटात सांभाळून ठेवला तर शेवटच्या घाटाला त्याचे पाय ताजे राहतात. पण कुणीतरी त्या चार तासांत वाऱ्याला तोंड दिलेलं असतं, आणि तो कुणीतरी म्हणजे तुमचा भाऊ.

टूर दी फ्रान्सला एका टीममध्ये ८ जण असतात, २१ टप्पे, सगळं मिळून साधारण ३४०० किलोमीटर. आठातला एक लीडर, फार तर दोन. बाकीचे काम करतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं. कुणी सपाटीवर तासन्‌तास पुढं ओढतो, कुणी घाटात शेवटपर्यंत साथ देतो, कुणी स्प्रिंटरला शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत नेऊन सोडतो, एकजण रस्त्यावरचा कॅप्टन असतो, वारा कुठून फिरणार, जथा कुठं फुटणार हे तोच ओरडून सांगतो. आणि पाणी. मागं टीमच्या गाडीपर्यंत जायचं, सहा-सात बॉटल जर्सीत कोंबायच्या, म्हणजे चार-पाच किलो वजन झालं, ते घेऊन पळत्या जथ्यातून वाट काढत परत पुढं यायचं, प्रत्येकाला एक द्यायची, आणि तासाभरात पुन्हा तेच. स्वतःची वेळ शेवटी बघायची, तीही ठरलेल्या मुदतीत पोचण्यापुरती, कारण मुदत चुकली तर दुसऱ्या दिवशी घरी.

टिम डेक्लेर्क म्हणून बेल्जियमचा आहे, त्याला लोक 'एल ट्रॅक्टर' म्हणायचे. रेस सुरू झाली की जथ्याच्या तोंडाशी हा, शे-दीडशे किलोमीटर एकटाच ओढतोय, आणि टीव्हीवर खरी मारामारी सुरू होईपर्यंत हा मागं दिसेनासा झालेला. २०२१ च्या टूरमध्ये शेवटून पहिला आला. पण मोठ्या टीमनं त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं, कारण तो नसता तर त्यांच्या जिंकणाऱ्यांना जिंकता आलं नसतं. त्याच देशाचा विम वान्सेवनांत तर २००६, २००७, २००८ असा सलग तीन वेळा शेवटचा आला. शेवटचा येऊनही टीमनं त्याला पुढच्या वर्षी परत नेलं, याचा अर्थ आण्णांना समजावून सांगा.

पगाराचं म्हणाल तर सगळ्यात वरच्या गटातल्या टीमच्या सायकलपटूंना किमान पगार बांधून दिलेला असतो, वर्षाला ४० हजार युरोच्या वर, आणि चांगल्या मदतनिसाला त्याच्या कितीतरी पट मिळतं. टूर जिंकणाऱ्याला ५ लाख युरो बक्षीस असतं, पण रीत अशी की तो ते टीममधल्या लोकांत वाटून टाकतो, कारण त्याचा पगार वेगळा असतो आणि हे बक्षीस सगळ्यांच्या घामाचं धरतात.

अंबाजोगाईकर_थोरला

सर, एवढं सविस्तर सांगितलंत, धन्यवाद. शेवटून पहिला आलेल्याला टीमनं परत नेलं हे मी रात्री जेवताना आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "ती टीम तिकडं, आपल्याला कोन नेतंय?" आणि खरं सांगू, मलाही उत्तर सुचलं नाही.

जुना_पेडल_नांदेड

आण्णा बरोबर बोललेत भाऊ. मी वीस वर्षांपूर्वी रेस मारायचो म्हणून सांगायलोय, मनाला लावून घेऊ नका.

मी पाच वर्षं दुसऱ्यासाठी ओढलं. आमच्या टीमचा पोरगा तीनदा जिंकला, तिन्ही वेळी शेवटच्या दहा किलोमीटरपर्यंत मी त्याच्या पुढं होतो. तो माझा मित्रच आहे, आजपण आहे, त्याच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, त्याला नोकरी लागली तेव्हा पेढे पहिल्यांदा माझ्या घरी आणले. पण नोकरीसाठी मी कागद घेऊन गेलो तर समोरच्यानं फाईल उघडली, नंबर बघितला, अकरावा, सतरावा, नववा, आणि फाईल बंद केली. मी काय केलं हे त्या कागदावर कुठंच नव्हतं. संघटनेत विचारलं तर म्हणाले असं लिहून द्यायची पद्धत नाही. त्या दिवशी बसस्टँडवर बसून लई वेळ रडलो होतो मी.

आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते पदकावर आणि कितवा नंबर यावर चालतं, शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी असते. म्हणजे जे काम युरोपात पगार देतं तेच काम इथं पोराला रिकाम्या हातानं घरी पाठवतं. भारतातला एकपण सायकलपटू आजवर टूर दी फ्रान्सला उतरलेला नाही, मग "बाहेर पगार असतो" या एका वाक्यावर १८ वर्षांच्या पोरानं सगळं लावू नये.

पण वाट आहे. नीट ऐका. तुमचा पोरगा एका स्पीडला लांबवर ओढू शकतो ना, मग त्याला टीम टाइम ट्रायलमध्ये घाला. तिथं सगळी टीम मिळून घड्याळाविरुद्ध पळते, आळीपाळीनं एकेकानं पुढं यायचं, आणि पदक आलं तर सगळ्यांच्या गळ्यात. दुसरं म्हणजे ट्रॅकवरची टीम पर्स्यूट, ४ जण, ४ किलोमीटर, वेळ तिसऱ्याच्या चाकावर धरतात. चौथा आधीच जीव तोडून ओढून बाजूला झालेला असला तरी चालतं, पदक त्यालाही. हे काम आणि तुमचा भाऊ करतो ते काम एकच आहे, फरक इतकाच की तिथं ते मोजलं जातं. ट्रॅकसाठी बालेवाडी गाठावी लागंल, खर्च आहे, पण माझ्या टायमाला मला कुणी हे सांगितलं असतं तर मी उसनवारी करून गेलो असतो.

आणि विजापूरकडच्या पोरांबरोबर चालवू द्या त्याला. तिथं सायकलिंगची जुनी परंपरा आहे, आपल्या लातूर-सोलापूरकडून काही फार लांब नाही, ती पोरं वाऱ्यात कशी चालवतात ते बघूनच अर्धं शिकतो माणूस.

पैठणची_लेक

दादा, नांदेडच्या दादांचं वाचून खरंच वाईट वाटलं.

मला एक वेगळं सांगायचंय. मी पैठणची. आमच्याकडं नाथषष्ठीच्या आधी नाथांच्या वाड्यातला रांजण भरतात. गोष्ट सगळ्यांना माहितीय, देव श्रीखंड्याचं रूप घेऊन नाथांच्या घरी बारा वर्षं कावडीनं पाणी वाहत होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. डच भाषेत या सायकलपटूंना जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थच पाणी वाहणारा असा आहे, इटालियन आणि फ्रेंचमध्ये पण तसंच म्हणतात. आपल्याकडं त्याला पाणक्याच म्हणतील ना. माझा मुलगा पण सायकल चालवतो, त्यानं मला हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो रांजणच आला. पाणक्या म्हणजे हलका माणूस असं निदान आमच्या गावात तरी कुणी म्हणणार नाही.

त्यानंच मला आंद्रेआ कारेआची गोष्ट सांगितली. फाउस्तो कोप्पीचा मदतनीस, दुसऱ्या महायुद्धात बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत सुटलेला माणूस. १९५२ च्या टूरमध्ये पुढं पळालेल्या घोळक्यावर लक्ष ठेवायला म्हणून तो त्यांच्यासोबत गेला आणि तो घोळका इतका पुढं गेला की लोझानला पोचल्यावर याच्याच अंगावर पिवळी जर्सी आली, म्हणजे पूर्ण स्पर्धेत पहिला. तो रडला हो. आपल्या लीडरची जागा आपण घेतली, आता काय तोंड दाखवायचं म्हणून रडला. दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझचा घाट होता, टूर पहिल्यांदाच तिथं संपत होती, कोप्पीनं तो जिंकला, जर्सी त्याच्याकडं गेली आणि पुढं पूर्ण स्पर्धा पण त्यानंच जिंकली. कारेआचं नाव तरी आज सत्तरहून जास्त वर्षांनी पैठणमध्ये एक आई लिहितेय.

जालनेकर_०७

ताई, गोष्ट मनाला भिडली, पण मी विरुद्ध बाजू मांडतो कारण इथं पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

१९३४ ची टूर घ्या. रेने व्हिएतो, वय २०, पहिलीच टूर, घाटात सगळ्यांना भारी. फ्रान्सच्या टीमचा लीडर आंतोनँ मान्य पिवळ्या जर्सीत. पिरेनीजमध्ये उतारावर मान्यचं चाक गेलं, व्हिएतोनं स्वतःचं पुढचं चाक काढून दिलं आणि दुसरं चाक येईपर्यंत रस्त्याकडेच्या भिंतीवर बसून रडत राहिला, तो फोटो आजही सगळीकडे फिरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान्यची सायकल बिघडली, हा पुढं होता, उलटा फिरून घाट चढून मागं आला आणि पुन्हा मदत केली. मान्य टूर जिंकला. व्हिएतो पाचवा, घाटांचा राजा हा मान त्याला मिळाला. सगळे म्हणाले पोरगं आहे, पुढं दहा टूर जिंकंल. १९३९ ला दुसरा आला, मग युद्ध, १९४७ ला कितीतरी दिवस पिवळी जर्सी घालून शेवटाकडे एका १३९ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये ती गमावली आणि परत पाचवा. एकही टूर जिंकला नाही तो.

माझं म्हणणं असंय की विसाव्या वर्षी कुणाला माहीत असतं आपण काय आहोत? तुमचा भाऊ १८ चा आहे, "माझ्याकडे स्प्रिंट नाही" हे ठीक, पण घाट? मांजरसुंब्याच्या घाटात त्याच्यासोबत कोण टिकतं, हे विचारलंय का कुणी? एकदा मदतनीस म्हणून शिक्का बसला की कोच पण दुसऱ्या नजरेनं बघत नाही. त्याला स्वतःसाठी पळायचा दिवस मिळालाच पाहिजे, मागून घ्या.

म्हैसमाळ_रविवार

जालन्याच्या भाऊंचं शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. बाकी व्हिएतोवर मी थोडं वेगळं म्हणेन, त्यानं चाक दिलं म्हणून तो पुढची टूर हरला असं धरता येत नाही, मधली सहा-सात वर्षं तर युद्धानंच खाल्ली.

आणि शिक्का पुसला पण जातो. गेरेंट थॉमसनं २०१३ ची टूर ओटीपोटाच्या हाडाला पहिल्याच टप्प्यात फ्रॅक्चर झालेलं असताना ख्रिस फ्रूमसाठी पूर्ण केली, २०१८ ला स्वतः टूर जिंकला, तेव्हा फ्रूम त्याच्याच टीममध्ये होता. सेप कुसचं तर ताजंय, २०२३ मध्ये जिरोला, म्हणजे इटलीच्या मोठ्या रेसला, रोग्लिचसाठी राबला, टूरला विंगेगोरसाठी राबला, दोघंही जिंकले, आणि त्यानंतर व्हुएल्टामध्ये, म्हणजे स्पेनच्या मोठ्या रेसमध्ये, अचानक हाच पुढं. मग अंग्लिरूच्या चढावर त्याचेच ते दोन लीडर त्याला मागं सोडून निघून गेले. मी त्या दिवशी टीव्हीसमोर उभा होतो, बसवत नव्हतं. दिवस संपला तेव्हा पहिल्या नंबरची लाल जर्सी फक्त ८ सेकंदांनी त्याच्याकडं राहिली होती. शेवटी तो व्हुएल्टा जिंकला, विंगेगोर दुसरा, रोग्लिच तिसरा.

उलट पण होतं, तेही पोराला सांगा. वाउट वान आर्ट स्वतः एवढा मोठा सायकलपटू, पण २०२५ च्या जिरोमध्ये शेवटून दुसऱ्या दिवशी तो पुढच्या घोळक्यात असताना फिनेस्त्रेच्या घाटापलीकडं सायमन येट्ससाठी थांबला आणि सेस्त्रिएरेकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याला ओढून नेलं. येट्स जिरो जिंकला. त्या ओढण्यात वान आर्ट काही लहान झाला नाही, त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी येट्सइतकंच त्याचं नाव होतं.

एक अजून. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर नावाची रेस झाली, आंतरराष्ट्रीय दर्जाची, बाहेरच्या टीम आल्या होत्या. भाऊ बघायला गेला होता का? नसेल तर पुढच्या वेळी ५ दिवस काढून घेऊन जा त्याला. जिंकणाऱ्याकडं बघू नको म्हणावं, गाड्यांच्या रांगेतून बॉटल घेऊन वर येणाऱ्या एकाच माणसावर नजर ठेव. आपल्या पोरांना ते काम पहिल्यांदा डोळ्यासमोर बघायला मिळतंय.

अंबाजोगाईकर_थोरला

सगळ्यांना धन्यवाद, आणि उशीर झाला त्याबद्दल माफी, हरभऱ्याची गडबड होती.

कोचना जाऊन भेटलो. मनात राग घेऊन गेलो होतो खरं तर. ते म्हणाले तुमचा भाऊ टीमचा सगळ्यात भरवशाचा आहे म्हणून त्याला ते काम दिलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं अर्ध्यात सोडून स्वतः पळ काढला असता. मी म्हणलं सर हे मला कळतं, पण कागदावर त्याचं काहीच नाही. नांदेडच्या दादांचं सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले पुढच्या टीम टाइम ट्रायलला तो असणार, नक्की. आणि एक घाटाची रेस आहे, त्यात बाकीचे त्याच्यासाठी काम करतील. ज्या पोराला यानं जिंकवलं होतं ना, तोच म्हणे पाणी आणून देणार आहे, त्यानं स्वतः होऊन सांगितलं कोचला.

जालन्याच्या भाऊंनी विचारलं होतं घाटात कोण टिकतं. कुणीच टिकत नाही हो. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

काल पहाटे आण्णा मोटरसायकल घेऊन त्याच्या मागं गेले, कुणी सांगितलं नव्हतं. नऊला आले. चपला काढता काढता म्हणाले, "नेकनूरच्या माळाला लई वारा हाय की रं." आणि आईला म्हणाले त्याला दूध वाढ.

आता एकच विचारायचंय, जर्सीत एका वेळी किती बॉटल मावतात? तो म्हणतो तीन.

म्हैसमाळ_रविवार

मागच्या खिशात तीन, दोन सायकलच्या स्टँडला, राहिलेल्या गळ्याकडून पाठीवर जर्सीच्या आत. गार असतात, पाठीला एकदम लागतात, दचकून हँडल हलतं, म्हणून आधी मोकळ्या रस्त्यावर सवय करू द्या. देताना भरलेली बॉटल वरच्या बाजूनं धरायची म्हणजे घेणाऱ्याला खालची बाजू पकडता येते.